रेगेन्सबुर्ग : क्रूझ नऊ तास थांबणार, काय बघायचं आणि काय सोडायचं?

वाटसरू
मंडळी, सप्टेंबरअखेर बुडापेस्ट ते न्यूरेम्बर्ग अशी डॅन्यूबवरची क्रूझ ठरली आहे. न्यूरेम्बर्गच्या आधीचा थांबा रेगेन्सबुर्ग, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. सोबत आई-बाबा, वय ७१ आणि ७४. बाबा सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, जिने मात्र नकोत. आई शाकाहारी, अंडंही नाही.

जहाजाकडून सकाळी दोन तासांची पायी फेरी आहे, ती तिकिटातच धरलेली. दुपारी जादा पैसे भरून वालहाला नावाच्या स्मारकाची सहल. पायी फेरी घ्यावी की आपापलं फिरावं? वालहाला करावं का? आणि आईच्या पोटात काय पडेल?

रिकामटेकडा
नऊ तास कागदावर. साडेआठला जहाज लागलं तरी दोर बांधून, फळी टाकून, परवानगी येऊन बाहेर पडेपर्यंत नऊ. परत यायची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे पाच. जेवणाला तास-दीड तास. हातात उरले साडेसहा.

ईसारकाठ
साडेसहा तास या गावाला पुरतात. जुनं शहर आणि पुलापलीकडचं श्टाटआमहोफ मिळून २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण पसारा आटोपशीर. खालचा क्रम धरला तर अंतर दोन-अडीच किलोमीटरच्या आत बसतं.

धक्का बहुतेक वेळा डोनाउलेंड भागात असतो. नदी उजव्या हाताला ठेवून काठाकाठाने पश्चिमेकडे चालत राहा, दहा-पंधरा मिनिटांत दगडी पूल. पुलाच्या तोंडाशी जी उंच छपराची अवाढव्य इमारत आहे ती मिठाची वखार, सतराव्या शतकातली. आत जागतिक वारशाचं माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट, बसायला जागा. आधी इथे दहा मिनिटं घालवा, पुढचं सगळं नीट कळतं.

मग पुलाच्या मध्यापर्यंत जा आणि मागे वळा. शहराचं नेहमीच्या फोटोत दिसतं ते दृश्य इथूनच. परत येऊन उंटर डेन श्विबबोगेन या गल्लीत शिरा. डावीउजवीकडे रंगवलेल्या भिंती आणि मध्येच ओबडधोबड प्रचंड दगडांची कमान: पोर्टा प्रेटोरिया, रोमन छावणीचं उत्तर दार, इ. स. १७९ चं. पुढची कित्येक शतकं त्यावर घरं चढत गेली आणि दार भिंतीत गडप झालं, ते १८८५ मध्ये पुन्हा सापडलं. दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत, सांध्यात बोट घालून बघा.

तिथून दोन मिनिटांत कॅथेड्रल, पुढे नॉयफारप्लाट्स चौक, मग वालेनश्ट्रासे, जुनं नगरभवन, हायडप्लाट्स आणि गोलियाथश्ट्रासेने परत पुलाशी. जिना कुठेही चढावा लागत नाही. एकच त्रास, दगडी फरशी. पातळ तळव्याचे बूट, चपला नकोत. बाबांना काठी असेल तर तिचं रबर नवीन घालून न्या, पावसात हे दगड चिकट होतात.

कोकणी_मेवा
नावाबद्दल छोटीशी भर. रेगेन म्हणजे जर्मनमध्ये पाऊस, म्हणून 'पावसाचा किल्ला' असं काहीजण सांगत सुटतात. पण समोरच रेगेन नावाची नदी डॅन्यूबला मिळते, गावाचं नाव तिच्यावरून. छत्री मात्र न्या.

पुणेरी_पट्टा
पुलावर एक दंतकथा ऐकवली जाईल, तयारीत राहा. पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागली. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली, मोबदला पुलावरून जाणारे पहिले तीन जीव. पूल झाल्यावर त्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला. पुलाच्या मध्यावर कपाळाला हात लावून कॅथेड्रलकडे बघणारा दगडी माणूस बसलाय, तो म्हणे समोरच्याचं काम कुठवर आलंय ते बघतोय.

पूल ११३५ ते ११४६. आजच्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं १२७३ च्या आगीनंतर, आणि मनोरे पुरे झाले १८६९ मध्ये. म्हणजे पूल संपल्यावर सव्वाशे वर्षांनी समोरच्याने पाया खणायला घेतला. पैज कसली डोंबलाची.

कमान
पुलाचं खरं कौतुक खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. ११३५ चा उन्हाळा कडक कोरडा गेला, नदी आटली, म्हणून खांब घालायला सुरुवात करता आली. मूळच्या १६ कमानी, लांबी तीनशे मीटरच्या वर. प्रत्येक खांबाभोवती होडीच्या आकाराचं दगडी बेट दिसेल. प्रवाहाने पाया खरवडून निघू नये म्हणून ते. पण या बेटांनी नदीची निम्म्याहून जास्त रुंदी अडवली. तेवढंच पाणी आता अरुंद फटींतून जाणार, मग वेग वाढतो आणि पुलाच्या खालच्या अंगाला भोवरे उठतात. पूर्वी या वेगावर गिरण्या चालत.

पाचेक मिनिटं एकाच कमानीकडे बघत राहा. पाणी वरच्या बाजूला जरासं उंच दिसतं, कमानीतून उतारावरून घसरल्यासारखं जातं आणि बाहेर पडल्यावर मागे वळतं. डोळ्यांना कळेल इतका फरक असतो.

याच कारणाने तुमचं जहाज या पुलाखालून जात नाही. ते उत्तरेच्या कालव्यातून शहराला वळसा घालतं.

साबुदाणा_खिचडी
भोवऱ्याला जर्मनमध्ये श्ट्रूडेल म्हणतात आणि सफरचंदाच्या त्या गुंडाळीलाही श्ट्रूडेल. पुलाजवळून सुटणाऱ्या छोट्या होड्यांवर 'श्ट्रूडेल' लिहिलेलं असतं, ती भोवऱ्यांतून नेणारी फेरी आहे. खायला मिळेल म्हणून चढू नका. 😄

विनोद बाजूला ठेवला तर बाबांसाठी उत्तम. बसून पूल खालून दिसतो. फक्त चढताना पायरी किती उंच आहे ते आधी बघा, नदीची पातळी बदलली की तीही बदलते.

वाटसरू
वा, हे माहीतच नव्हतं. वालहालाबद्दल कोणी बोलेल का?

पुणेरी_पट्टा
सोडा. बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने ग्रीक देवळाच्या धर्तीवर बांधून घेतलेलं, १८४२ मध्ये उघडलेलं, जर्मन भाषेतल्या थोरांचे संगमरवरी अर्धपुतळे ओळीने मांडलेलं दालन. पुतळ्यांची नावं ओळखीची नसतील तर दहा मिनिटांत जांभया. जाऊन-येऊन दुपार गेली. आणि नदीच्या बाजूने ३५८ पायऱ्या.

ईसारकाठ
@पुणेरी_पट्टा, पायऱ्यांचा मुद्दा निम्माच खरा. जहाजाची सहल बसने असेल तर वाहनतळ मागच्या अंगाला वर आहे, त्या ३५८ पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. होडीने किंवा गावातल्या बसने वालहालाच्या पायथ्याच्या डोनाउश्टाउफ गावाला गेलं तर मात्र चढण आहे. वरून नदीचं खोरं लांबवर दिसतं ते सुंदरच. आतल्या पुतळ्यांसाठी नव्हे, पण त्या ओट्यावर बसण्यासाठी लोक जातात आणि त्यात चूक काही नाही.

सुकाणू
भांडू नका, तिसरा मार्ग आहे. वाटसरू यांचं जहाज प्रवाहाविरुद्ध येतंय. वालहाला शहराच्या दहा किलोमीटर खाली, उत्तर काठावर, टेकडीवर. म्हणजे रेगेन्सबुर्गला लागायच्या तास-सव्वा तास आधी ते उजव्या हाताला डेकवरूनच दिसणार. साडेआठला पोचत असाल तर सव्वासातला कॉफी घेऊन वर जा. सप्टेंबरअखेर सूर्योदय सातच्या सुमारास, धुकं नसलं तर पांढरे खांब उन्हात चमकतात. राजाने ते नदीवरून दिसावं म्हणूनच तिथे बांधलंय.

पुणेरी_पट्टा
हे मान्य. फुकट आणि बसल्या जागी.

सुकाणू
आता जरा रुक्ष पण कामाचं.

रेगेन्सबुर्गच्या आधी तुमच्या वाटेवर लागणारा श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण सत्तर किलोमीटरचा पट्टा मोकळा वाहतो, तिथे पाणी अडवून खोली राखणारे बांध नाहीत. उन्हाळा कोरडा गेला की ऑगस्ट ते ऑक्टोबरात याच पट्ट्यात जहाजाच्या तळाखाली पाणी पुरत नाही. मग जहाज पासाउ किंवा फिल्सहोफेनला थांबतं आणि रेगेन्सबुर्ग बसने करावं लागतं, पासाउपासून एका बाजूला दीड तास धरा. काही कंपन्या पलीकडे आपलंच दुसरं जहाज तयार ठेवतात, बॅगा बसने जातात आणि प्रवासी त्या जहाजावर चढतात. म्हणून बाबांची औषधं मोठ्या बॅगेत ठेवू नका. पाणी जास्त झालं तर उलटी अडचण, जहाज पुलांखालून जात नाही.

धक्क्यावर गर्दी असली की जहाजं एकमेकांना खेटून बांधतात, दोन-दोन, तीन-तीन. तुमचं बाहेरचं असेल तर शेजारच्याच्या स्वागतकक्षातून किंवा छतावरून काठावर जावं लागतं. छतावरून असेल तर जिना आला. उतरण्याआधी रिसेप्शनवर विचारा. खोलीचे पडदे लावून निघा, परत याल तेव्हा समोर हातभर अंतरावर दुसऱ्याची खिडकी असू शकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवसभरात जहाजाची जागा बदलू शकते. बाहेर पडताना खोलीचं कार्ड नोंदवून जा, रोजच्या माहितीपत्रकाचा फोटो काढा. त्यावर धक्क्याचं नाव आणि फोन नंबर असतो. पासपोर्ट बऱ्याचदा जहाजावर जमा असतो, त्याची प्रत खिशात ठेवा.

रिकामटेकडा
आणि चुकलंच जहाज तर?

सुकाणू
तर घाबरायचं नाही. रेल्वे स्टेशन कॅथेड्रलपासून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटांवर. न्यूरेम्बर्ग गाडीने तास-सव्वा तास. जहाजाला तिथे पोचायला रात्र लागते, तुम्ही आधी पोचाल. त्या फोन नंबरवर कळवलं की झालं.

अन्नपूर्णा
आईंच्या जेवणाकडे वळते, कारण इथे फसगत होते ती 'शाकाहारी दिसणाऱ्या' पदार्थांत.

आंबवलेला कोबी (झाउअरक्राउट) बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. बव्हेरियन बटाट्याचं सॅलड मेयोनेजऐवजी सूपच्या पाण्यात मुरवतात आणि ते पाणी बहुधा मांसाचं. श्पेट्सले या शेवयांच्या पिठात अंडं असतं. पावाचे गोळे (क्न्योडेल) बांधायलाही अंडंच. म्हणजे हॉटेलवाला 'हे शाकाहारी आहे' म्हणाला तरी अंडं नको असलेल्यांना निम्मं पान बाद.

चालण्यासारखं: लोणी लावलेलं ब्रेत्सेल (बुटरब्रेत्स), बेकरीत मिळतं. पातळ पोळीवर आंबट साय आणि कांदा पसरून भाजलेला फ्लामकूखेन, डुकराचे तुकडे नकोत असं स्पष्ट सांगून. तुर्की दुकानातला फलाफल. चिठ्ठीवर लिहून न्या: 'इश एस्से काइन फ्लाइश, काइनेन फिश, काइने आयर' (मी मांस, मासे, अंडी खात नाही). बोलून दाखवण्यापेक्षा चिठ्ठी दाखवा. चरबीसाठी 'श्माल्त्स', सूपच्या पाण्यासाठी 'ब्र्यूए' हे दोन शब्द लक्षात ठेवा.

पण माझं ऐकाल तर दुपारी जहाजावर परत या. जेवण तिकिटात आहे, धक्का पंधरा मिनिटांवर आहे, बाबांचा गुडघाही सुटा होईल. जहाजाला 'अंडं नाही' हे निघण्याआधी दोन आठवडे लेखी कळवा. तिथेही 'व्हेजिटेरियन' म्हटलं की सकाळी ऑम्लेट पुढे येतं.

कोकणी_मेवा
आणि पुलाशेजारची ती छोटी सॉसेजची खानावळ? त्याशिवाय रेगेन्सबुर्ग म्हणजे...

अन्नपूर्णा
वुर्स्टकूखल. खाणाऱ्यांनी जरूर खावं. कोळशावर भाजलेली बोटाएवढी सॉसेज, खाली कोबी, बाजूला गोड मोहरी. बारा वाजता रांग लागते, अकराला जा. न खाणाऱ्यांनी भिंतीवरच्या पुराच्या खुणा बघाव्यात, पाणी कुठवर चढलं होतं ते वर्षासकट लिहिलंय. गोड मोहरी घरी न्यायला चांगली, इथली हेंडलमायर प्रसिद्ध आहे. भाकरीबरोबरही जाते. मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतील.

दप्तरदार
कोणीच नगरभवनाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. पवित्र रोमन साम्राज्याची संसद १६६३ मध्ये इथे भरली आणि उठलीच नाही, थेट १८०६ मध्ये साम्राज्यच बुडेपर्यंत बसून राहिली. जर्मनमध्ये काम रेंगाळत ठेवण्याला 'लांब बाकावर सरकवणं' म्हणतात. तो बाक इथलाच असं गाइड सांगतात. आपल्या भिजत घोंगड्याचं सख्खं भावंड.

आतलं सभागृह आणि तळातली छळाची कोठडी फक्त मार्गदर्शित फेरीतच दिसते. इंग्रजी फेरी दिवसातून क्वचितच असते, वेळ तिथल्या पर्यटन कचेरीत विचारा. जिने आहेत, त्यामुळे बाबांनी बाहेरच थांबावं. पण बाहेरही एक गंमत आहे. दरवाज्याशेजारी भिंतीत लोखंडी पट्ट्या ठोकल्यात: शहराचा फूट, शहराचा गज, शहराची वाव. कापडवाल्याने मापात मारलं असं वाटलं तर गिऱ्हाइकाने इथे येऊन ताडून बघायचं. गाइडच्या मागे धावणारे नव्वद टक्के लोक त्यापुढून न बघता जातात.

पुणेरी_पट्टा
वाव! कोकणातल्या खलाशांनंतर हा शब्द थेट जर्मनीत भेटला.

दप्तरदार
दोन्ही हात पसरले की होतं ते माप. बाबांना हात पसरून उभं करा आणि पट्टीशी जुळवा.

ग्रहगोल
नगरभवनाजवळ केप्लरश्ट्रासे आहे. योहान्नेस केप्लर १६३० मध्ये या गावी आला तो बादशहाकडची थकबाकी मागायला. आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला इथेच वारला. थडगं तीस वर्षांच्या युद्धात गेलं. ग्रहांचे नियम मांडणाऱ्याचीही बिलं अडकतात. ज्या घरात वारला तिथे छोटं संग्रहालय आहे, जुनं घर, जिने अरुंद.

मनोरा
वालेनश्ट्रासेतला सोन्याचा मनोरा (गोल्डेनर टुर्म) मान वर करून बघा, पन्नासेक मीटर. हे मनोरे पहाऱ्याचे नव्हेत. व्हेनिसशी व्यापार करून गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांनी इटलीतलं बघून शेजाऱ्यावर कडी करायला बांधले. पुढे व्यापार न्यूरेम्बर्ग-आउग्सबुर्गकडे सरकला, गाव गरीब झालं, जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात जुन्या गावावर बॉम्बही फार पडले नाहीत. म्हणून हे सगळं शिल्लक.

नॉयफारप्लाट्सवर पांढऱ्या काँक्रीटची बसकी रचना दिसेल, मुलं तिच्यावर उड्या मारत असतात. १५१९ मध्ये शहराने ज्यूंना हाकललं आणि त्यांचं सिनेगॉग पाडलं, त्याचा तो जमिनीवरचा नकाशा, दानी करावान या शिल्पकाराने केलेला. बसायला मनाई नाही, बसावं म्हणूनच केलाय. पण कशावर बसलोय ते ठाऊक असावं.

रिकामटेकडा
पायी फेरीचं काय ठरलं? मूळ प्रश्न तोच होता.

ईसारकाठ
घ्यावी, पण पूर्ण नको. कानातलं यंत्र देतात, त्यामुळे गाइडपासून तीस-चाळीस मीटर मागे राहिलं तरी ऐकू येतं. बऱ्याच कंपन्यांचा 'सावकाश' गट वेगळा असतो, तो मागा. कॅथेड्रलपाशी गाइडला सांगून सुटा. न सांगता सुटलात तर डोकी मोजताना सगळा गट खोळंबतो.

दप्तरदार
असहमत. दोन तास उभं राहून ऐकणं गुडघ्याला चालण्यापेक्षा वाईट. गाइड थांबतो तिथे बाक नसतो.

वाटसरू
सगळ्यांचे आभार. आता कंपनीचं वेळापत्रक आलं आणि नवीन घोळ: रेगेन्सबुर्गचा दिवस रविवार आहे!

ईसारकाठ
मग चित्र बदललं. रविवारी दुकानं बंद. मोहरी, टोप्या, भेटवस्तू सगळं आदल्या थांब्यावर, म्हणजे पासाउला शनिवारीच उरका. बेकऱ्या आणि खानावळी उघड्या असतात. औषधांची दुकानं पाळीने, म्हणून औषधं पुरेशी ठेवा.

पण फायदा मोठा आहे. रविवारी दहाच्या प्रार्थनेला कॅथेड्रलचं मुलांचं गायकवृंद, डोमश्पाट्सेन, गातं. त्यांची परंपरा ९७५ पासून सांगतात. सुट्टीत गात नाहीत, पण बव्हेरियातल्या शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतात, तुमच्या तारखेला असायला हवेत. प्रार्थनेच्या वेळी आत हिंडता येत नाही, फोटो नाही. पावणेदहाला मागच्या बाकावर जाऊन बसा. डावीकडे वर बघा, नवा ऑर्गन पोलादी दोरांवर हवेत टांगलेला आहे. बाबांना तासभर बसायला मिळेल.

दप्तरदार
म्हणजे पायी फेरी आपोआप बाद. मी काय म्हणत होतो.

सुकाणू
क्रम असा लावा: सव्वासात डेकवर वालहाला, नऊला बाहेर, थेट कॅथेड्रल. सव्वाअकराला बाहेर पडून पोर्टा प्रेटोरिया आणि पूल, साडेबाराला जहाजावर जेवण. अडीचला पुन्हा निघून नगरभवनाच्या पट्ट्या, मनोरा, चौक. साडेचारला परत.

आणि साडेपाचला खोलीत जाऊ नका. सुटल्यावर थोड्याच वेळात रेगेन्सबुर्गचा बंधाऱ्याचा दरवाजा (लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारा हौद) लागतो. त्याची रुंदी १२ मीटर, मोठ्या जहाजांची ११.४५. दोन्ही बाजूंना वीत-सव्वा वीत. कठड्याबाहेर हात काढू नका.

वाटसरू
बाबांना वाचून दाखवलं. वालहालाचे पैसे वाचले यावर ते खूश, आई ऑम्लेटच्या ईमेलला लागली आहे. एकच शंका: कॅथेड्रलमध्ये थंडी असते का?

अन्नपूर्णा
असते. दगडी इमारत आहे, सप्टेंबरातही शाल न्या.